सार्वजनिक उपयोगासाठी

वाचनकक्षात पेन चालत नाही, फक्त पेन्सिल.
तिनं पर्समधलं पेन माझ्या टेबलावर ठेवलं,
जरा आपटूनच.
मग कॅलेंडर उलगडलं, हॅम विकणाऱ्या कंपनीचं,
नोव्हेंबरचं पान.
"ही माझी आजी," म्हणाली. "ह्यांना परवानगी कुणी दिली?"

पानावर एक बाई ओसरीत उभी,
कमरेवर टोपली, मागे टेनेसीचे बुटके डोंगर,
डोक्यावर लालभडक अक्षरं: चव, आजीच्या हातची.
"टोपलीत धुणं आहे," ती म्हणाली. "ओलं.
आणि चव म्हणाल, तर तिचा स्वयंपाक
आजोबासुद्धा निमूट गिळायचे."

मी खोका आणला. पांढरे हातमोजे दिले.
फोटोच्या पाठीवर टंकलेलं:
ऑक्टोबर १९३५. कोल्ड स्प्रिंग खोरं. धरणात जाणारं घर.
स्त्री, नाव नोंदलेलं नाही.
कॉपीराइट नाही.
ज्ञात निर्बंध नाहीत.

रोज सांगतो तेच सांगितलं:
सरकारी नोकरानं सरकारी वेळात काढलेला फोटो
कुणाचाच नसतो, म्हणजे सगळ्यांचा असतो.
गायरान म्हणा. ज्याला वाटेल त्यानं गुरं सोडावीत.
शाळेच्या पुस्तकानं, संग्रहालयानं,
आणि हो, हॅमवाल्यानंसुद्धा.

"म्हणजे सार्वजनिक उपयोग," ती म्हणाली.
"तसंच काहीसं."
"हे शब्द आमच्या घरी आहेत. बिस्किटांच्या डब्यात.
एकशे बारा एकर, एक घर, एक कोठार,
सफरचंदाची एकोणीस झाडं,
सार्वजनिक उपयोगासाठी.
आजीला वाचता येत नव्हतं, पण नोटीस तोंडपाठ.
पुढे कुणी न विचारता वाटीभर साखर नेली
की म्हणायची, नेली वाटतं, सार्वजनिक उपयोगासाठी."

मी हसलो. ती हसली नाही.
टेबलावरचा दिवा त्याच धरणाच्या विजेवर होता का,
खरंच ठाऊक नाही.
मी उगाच त्याची मान जरा खाली वळवली.

मग तिनं भिंग उचललं
आणि बराच वेळ वर पाहिलंच नाही.
कॅलेंडरवाल्यांनी डावी कड कापली होती.
मूळ फोटोत त्या कडेला
काहीतरी हललेलं, पुसट:
एक उघडी टाच, सदऱ्याची शेपटी, केसांचा झुपका.
फोटोग्राफरनं "हलू नका" म्हटलं असणार,
आणि ते तीन वर्षांचं त्याच क्षणी सुटलं असणार.

"हा माझा बाप," ती म्हणाली.
ट्रंक पाण्यात गेली होती.
त्याच्या लहानपणाची त्यांच्याकडे
एवढी टाचसुद्धा नव्हती.

"किती पैसे?"
"फोटोचे काही नाहीत. प्रत काढायचे तेवढे."
"आणि परवानगी?"
"लागत नाही."
जरा थांबून तिनं पुन्हा विचारलं.
"तुम्हालाही लागत नाही," मी म्हणालो.

माझ्याच शब्दांनी
आल्या आल्या तिला ओरबाडलं होतं.
आता तेच शब्द, तोच सूर,
फक्त हात रिकामे नव्हते.
कायदा चांगला की वाईट, मला विचारू नका.
मी खोकी आणतो आणि परत नेतो.

जाण्यापूर्वी तिनं चिठ्ठी मागितली.
पेन्सिलीनं, एकेक अक्षर दाबून लिहिलं:
ऑर्लीना टॅकेट. टोपलीत धुणं.
डावीकडे रॉस्को, वय तीन, पळतोय.

फोटोच्या पाठीवर लिहिण्याचा मला अधिकार नाही.
चिठ्ठी मी खोक्यात ठेवली, फोटोला अगदी लागून.
नियमात ते बसतं की नाही, विचारलं नाही.

हॅमवाल्यांचं कॅलेंडर पुढल्या वर्षीही आलं.
बाई तीच, महिना मार्च.

पेन ती विसरून गेली.
माझ्या खणात आहे अजून, निळं, टोपणाला चीर.
त्यावर नाव नाही, कसलेही निर्बंध नाहीत.
मी ते वापरत नाही.